जुन्या सुमोला फ्लो मीटर बसवला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव (डिझेलवाल्यांनी रिटर्न लाईनचं नक्की वाचा)

गाडी 2001 ची सुमो, 1948 सीसी डिझेल, बाबांनी घेतलेली. इंदूरमध्ये दर 5 वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करून अजून चालवतोय. आईला ओंकारेश्वरला न्यायचं असलं की घाटात माझा भरवसा हिच्यावरच. पण डिझेल 90 च्या वर गेलं तेव्हापासून डोक्यात एकच, ही नेमकं पिते किती? टाकी फुल करून काढलेलं ॲव्हरेज कधी 11 तर कधी 13, डिझेलला फेस येतो, गाडी थोडी तिरकी उभी असली तरी नोझल आधी कट होतं, मग कुठला आकडा खरा धरायचा?

म्हणून नळीतून किती डिझेल गेलं ते मोजणारा ओव्हल गिअरवाला (आत लंबगोल दातेरी चाकं फिरतात तो) फ्लो मीटर मागवला, साडेआठ हजार. पाण्यासाठीचे ते स्वस्त पंखेवाले सेन्सर घेऊ नका, त्यांना मिनिटाला लिटरभर तरी प्रवाह लागतो आणि आपली गाडी 60 च्या स्पीडला मिनिटाला जेमतेम 80-85 मिली जाळते.

पहिल्याच दिवशी देवासला जाऊन आलो तर ॲव्हरेज 3! विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "सर गाड़ी पुरानी है, इंजन का काम करवा लो." ह्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. अहो, डिझेल गाडीत टाकीतून वर जातं ते सगळं जळत नाही, पंपाला वंगण देऊन, त्याची उष्णता घेऊन बरंचसं रिटर्नच्या नळीतून परत टाकीत येतं. माझ्याकडे तासाला 20 लिटर वर जातं आणि 15 परत येतं, जळतं फक्त 5. म्हणजे डिझेलला मीटर दोन लागतात, एक जाताना आणि एक येताना. हे विकतानाच सांगायला नको? सोबतच्या कागदावर रिटर्न हा शब्दसुद्धा नव्हता. तीन आठवडे भांडलो तेव्हा दुसऱ्या मीटरवर दीड हजार सोडले.

दुसरा बसवला आणि सकाळी गाडी स्टार्टच होईना. बाहेर एक थेंब गळत नव्हता म्हणून मी बॅटरीला दोष देत बसलो. मेकॅनिक आला, मीटरच्या पुढे वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि म्हणाला "ये देखो भैया, हवा ले रही है." मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग सरकत होते. ती बाजू ओढणारी असते, क्लॅम्प ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सियागंज बाजारातून चांगले क्लॅम्प आणले, हवा काढली, त्यानंतर आजपर्यंत त्रास नाही.

इथपर्यंत माझं मत होतं की दोन मीटर लावले की विषय संपला. ते चुकीचं निघालं. खंडवा रोडला भेरूघाट उतरताना डिस्प्लेवर तासाला उणे 0.4 लिटर आलं, म्हणजे गाडी डिझेल बनवतेय की काय! दोन रात्री ह्यात गेल्या. परत येणारं डिझेल गरम असतं, नळीवर थर्मामीटर बांधून बघितलं तर टाकीकडचं 35 आणि रिटर्नचं 60 डिग्री. डिझेल साधारण 12 डिग्रीला 1 टक्का फुगतं, म्हणजे 25 डिग्रीला 2 टक्के. 2 टक्के ऐकायला काहीच नाही, पण 15 लिटरवर ते 300 मिली होतात आणि आपला सगळा हिशोबच 5 लिटरचा. म्हणून मीटर 12.8 दाखवायचा आणि खरं ॲव्हरेज 12 होतं. आता दोन्ही नळ्यांवर तापमानाचे सेन्सर आहेत आणि फोनमध्ये दुरुस्ती करूनच आकडा धरतो. बसवायच्या आधी दोन्ही मीटर एकामागे एक जोडून तेच 5 लिटर दोघांतून सोडून बघा, माझ्या दोघांत 60 मिलीचा फरक निघाला, तोही वजाबाकीत घुसतो.

एवढं सगळं केल्यावर जे कळलं ते मात्र पैसे वसूल आहे. उभ्या गाडीत इंजिन तासाला 600 मिली पितं. बाबा रोज सकाळी दहा मिनिटं गाडी गरम करायचे, मीही तेच करत आलो, म्हणजे रोजचे 9 रुपये. आता मिनिटभरात निघतो आणि पहिले दोन किलोमीटर हळू चालवतो.

आणि घाट! उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं असं मला लहानपणापासून सांगितलं गेलं. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलचं डिझेल घेतंच, वर सगळा भार ब्रेकवर. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की गव्हर्नर (इंजिनच्या वेगाप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा पंपातला भाग) डिझेल पूर्ण बंद करतो. गेल्या महिन्यात भेरूघाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो, दुरुस्त केलेला आकडा 0.0 वर आला आणि वळणामागून वळण तिथेच राहिला. आई शेजारी बसली होती, तिने विचारलं, "बंद पडली का रे?" म्हटलं नाही गं, चालू आहे, फक्त पीत नाहीये.