एबीएसच्या गाडीवर दहा महिने: पुढच्या ब्रेकवरचा विश्वास परत कसा आला

गेल्या दसऱ्याला मी दीडशे सीसीची, पुढच्या चाकाला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली मोटारसायकल घेतली. नागपुरात मानेवाड्याहून रिंग रोडने छत्रपती चौक ओलांडून हिंगण्याच्या एमआयडीसीत जायचे आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परतायचे, असा माझा रोजचा प्रवास आहे. त्यामुळे दहा महिन्यांत आठ हजार किलोमीटरच्या वर गाडी चालली. हिवाळ्यातले धुके, मे महिन्यातले तापलेले सिमेंट रस्ते आणि आता अर्धा पावसाळा, असे सगळे हवामान तिने पाहिले आहे. मायलेज, सीट, हेडलाइट यांविषयी भरपूर लिहिले जाते. मला मात्र फक्त ब्रेकविषयी लिहायचे आहे, कारण नव्याने गाडी शिकणाऱ्यांना त्याविषयी जे सांगितले जाते त्यातले बरेचसे चुकीचे असते, आणि ती चूक मी स्वतः कित्येक वर्षे खरी मानून चाललो होतो.

माझी आधीची गाडी दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक असलेली होती. ती अजूनही घरी आहे. २०१६ च्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या दिवशी, सिग्नलला समोरची ऑटो अचानक थांबली म्हणून मी पुढचा ब्रेक जोरात ओढला. चाक नेमके झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर होते. ते जाम झाले आणि काय घडते आहे हे कळायच्या आत मी उजव्या कुशीवर रस्त्यावर पडलो होतो. गळ्याजवळचे हाड मोडले आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून काढावे लागले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने एकच सांगितले, ‘पुढचा ब्रेक दाबायचाच नसतो, माणूस उलटतो.’ मी ते मनावर घेतले आणि त्यानंतर जवळजवळ केवळ मागच्या ब्रेकवर गाडी चालवली.

हा सल्ला आपुलकीने दिला जातो, पण तो धोकादायक आहे. ब्रेक लागताच गाडीचे आणि स्वाराचे वजन पुढे सरकते, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. त्यामुळे जोरात थांबताना थांबवण्याचे बहुतांश काम, साधारणपणे सत्तर टक्के किंवा त्याहूनही अधिक, पुढचे चाकच करू शकते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे धोका दिसून हात हलेपर्यंतच एखाद्या लांबलचक बसपेक्षा अधिक रस्ता मागे पडलेला असतो. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक व्यवस्थित लावले तर सुमारे वीस मीटरमध्ये गाडी थांबू शकते, आणि केवळ मागच्या ब्रेकवर विसंबले तर त्याच्या दुप्पट अंतर सहज लागते. जो नवा चालक पुढच्या ब्रेकला हात लावत नाही, तो स्वतःकडे असलेल्या दोन ब्रेकांपैकी चांगला ब्रेक घरी ठेवून निघालेला असतो.

मग मी पडलो कशामुळे? दाबण्याच्या पद्धतीमुळे. वजन पुढे सरकण्यासाठी क्षणभर वेळ लागतो. तो वेळ न देता लिव्हर झटक्याने ओढला की पुढच्या टायरवर पुरेसा भार आलेला नसतानाच चाक थांबते. फिरणारे चाक गाडीला दिशा देते आणि तिचा तोल सांभाळते. जाम झालेले चाक यांपैकी काहीच करत नाही, ते फक्त घसरते. मागचे चाक जाम झाले तर गाडीची शेपटी हलते आणि सावरायला थोडी संधी मिळते, पण पुढचे जाम झाले तर ती संधी जवळजवळ नसतेच.

एबीएस नेमके इथे मदतीला येते. चाकासोबत फिरणारी एक खाचांची चकती असते आणि तिच्याजवळ बसवलेला सेन्सर चाकाचा वेग सतत मोजत असतो. चाक गाडीच्या मानाने एकाएकी मंदावू लागले, म्हणजे आता ते जाम होणार असे दिसले, की यंत्रणा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करते आणि चाक पुन्हा फिरू लागताच तो दाब परत देते. एका सेकंदात हे अनेक वेळा घडते. मोटारसायकलवर ही सोय प्रथम बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० या गाडीवर दिली. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली. मात्र नियमाची पूर्तता केवळ पुढच्या चाकाच्या एबीएसनेही होते. माझी गाडी तशीच, म्हणजे सिंगल चॅनल आहे, आणि शोरूममध्ये हा फरक मला कुणी आपणहून समजावून सांगितला नाही.

गाडी घेतल्यावर पहिले दोन महिने माझा उजवा हात बदलायला तयारच नव्हता. गाडीत एबीएस होते, पण मी पुढचा ब्रेक दाबतच नव्हतो, मग त्याचा उपयोग काय? डिसेंबरच्या एका रविवारी पहाटे मी घराजवळच्या मोकळ्या मैदानावर गेलो, चुन्याने एक आडवी रेघ मारली आणि ताशी ४० च्या वेगाने त्या रेघेवर पोहोचताच ब्रेक लावायचा असा सराव सुरू केला. केवळ मागच्या ब्रेकने गाडी रेघेपासून तेवीस-चोवीस पावलांवर थांबत होती. दोन्ही ब्रेक हळूहळू वाढत्या जोराने लावल्यावर तेच अंतर चौदा-पंधरा पावलांवर आले. लिंबू पिळताना जसे आधी बोटे घट्ट बसतात आणि मग जोर वाढतो, तसा लिव्हर दाबायचा, हे त्या सकाळी हाताला कळले. शेवटी मैदानाच्या कडेला, जिथे मुरमाचा पातळ थर होता, तिथे वेग पंचवीसवर आणून, हँडल अगदी सरळ ठेवून मी मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. बोटांखाली लिव्हर थरथरला, कुणी आतून टकटक करते आहे असे वाटले, आणि मी दचकून तो सोडून दिला. गाडी पुढे निघून गेली.

नव्या चालकांनी हाच अनुभव आधी मैदानावर घ्यावा असे मला फार मनापासून वाटते. तो कंप म्हणजे बिघाड नाही, यंत्रणा काम करत असल्याची ती खूण आहे, आणि त्या वेळी लिव्हर दाबून धरणे एवढेच आपले काम असते. जुन्या गाडीवर चाक जाम झाले तर ब्रेक सोडून पुन्हा लावावा लागतो. एबीएसवर आपण तसे केले तर थांबण्याचे अंतर उगाच वाढते. ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत त्यांनी हा फरक विशेष लक्षात ठेवावा.

जुलैमध्ये या सरावाची परीक्षा झाली. दुपारी जोराचा पाऊस होऊन गेला होता, आणि हिंगणा रोडवर ट्रकच्या चाकांनी आणलेला चिखल सिमेंटवर पातळ पसरलेला होता. मेट्रोच्या खांबाआडून सायकल हातात धरलेले एक वयस्क गृहस्थ एकदम पुढे आले. माझा वेग ४५ च्या आसपास असावा. पुढचा लिव्हर दाबला गेला, बोटांखाली ती ओळखीची थरथर सुरू झाली, आणि या वेळी हात सुटला नाही. त्याच वेळी घाबरून मागचे पेडलही मी जोरात दाबले होते. मागच्या चाकाला एबीएस नसल्यामुळे ते जाम झाले आणि गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली. पण पुढचे चाक फिरत राहिल्यामुळे हँडल माझे ऐकत होते, गाडी सरळ ठेवता आली आणि त्यांच्या सायकलपासून दोन हातांवर ती थांबली. ते काहीच बोलले नाहीत. सायकलच्या सीटवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग सावकाश पलीकडे गेले. मी गाडी कडेला घेतली तेव्हा माझे गुडघे कापत होते.

त्या दिवसापासून माझे मत ठाम झाले आहे की अंदाजपत्रकात बसत असेल तर दोन्ही चाकांना एबीएस असलेलीच गाडी घ्यावी. ते शक्य नसेल तर सिंगल चॅनल नक्की घ्यावी, पण मागचे पेडल किती दाबायचे हे पायाला शिकवावे.

एबीएसच्या मर्यादाही या काळात नीट कळल्या. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या सुट्या गिट्टीवर किंवा वाळूवर गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकते, कारण चाक पुन्हा पुन्हा मोकळे सोडले जाते. वळणावर गाडी झुकलेली असताना साधे एबीएस पडण्यापासून वाचवेलच असे नाही. तिथे वळणाआधीच वेग कमी करणे हाच उपाय. खडबडीत गतिरोधकावर चाक उसळले की ब्रेक क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, तेव्हा ब्रेक गतिरोधकाच्या आधी लावून घ्यावा. आणि गुळगुळीत झालेला टायर असेल तर कोणतीही यंत्रणा रस्त्यावरची पकड नव्याने निर्माण करू शकत नाही.

देखभालीत एकच खरी अडचण आली. गाडी सुरू केल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. मार्चमध्ये एका वॉशिंग सेंटरमधून गाडी धुऊन आणल्यावर तो विझेचना. ब्रेक लागत होते, पण एबीएस बंद होते. मेकॅनिकने पुढचे चाक फिरवून दाखवले, तर सेन्सरची वायर तिच्या खाचेतून निसटून बाजूला गेली होती आणि चकतीच्या खाचांत चिखल अडकला होता. अर्ध्या तासात काम झाले. तेव्हापासून धुणाऱ्याला मी पाण्याचा जोराचा झोत त्या भागावर मारू देत नाही. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे लागते. माझ्या गाडीची ती वेळ अजून यायची आहे.

माझी भाची या वर्षी कॉलेजला जाऊ लागली आणि तिला गाडी शिकायची आहे. घरच्यांचे म्हणणे होते की शिकायला जुनीच द्यावी, पडली तरी नुकसान कमी. मी तिला आधी नव्या गाडीवर बसवले, कारण पुढच्या ब्रेकची भीती एकदा मनात बसली की ती काढायला किती वर्षे लागतात हे मला माहीत आहे. चुन्याच्या रेघेवर चार रविवार झाल्यावर ती आता सोळा पावलांत थांबते. गेल्या रविवारी तिनेच विचारले, ‘मामा, आता जुनीवर करून बघू का? तिथे थरथर होणार नाही ना?’ होणार नाही, असे मी सांगितले; तिथे चाक जाम होतेय असे वाटताच बोटे तुलाच सैल करावी लागतील. पाऊस उघडला आणि मैदान पुरते सुकले की आम्ही जुनी गाडी तिथे नेणार आहोत, आणि वेग पंचविसाच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरले आहे.