इंजिन उघडायची वेळ आली: सर्विस सेंटर, उद्यमनगर की गाडी विकून मोकळं व्हायचं?

आंबा घाटात टेंपरेचरचा लाल दिवा लागल्यावर मी गाडी आणखी दोन वळणं वर काढली. रेडिएटरच्या खालच्या होजला चीर गेली होती, पाणी केव्हाच संपलं होतं आणि त्या दोन वळणांत हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं. दिवाळीची सुट्टी, रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो, गाडीत चार माणसं आणि एसी चालू. गाडी पेट्रोलची, १२०० सीसी, चार सिलिंडर, १२ वर्षांची. मीटरवर १ लाख ८ हजार.

एवढ्या जुन्या गाडीच्या इंजिनात पैसे घालावेत का, आणि घालायचेच तर कुणाच्या हातात द्यावेत, हा प्रश्न आज ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन वाटा मी स्वतः चालून पाहिल्या. उरलेल्या दोनांची नुसती चौकशी केली, तेव्हा त्यांच्याबद्दल माझं मत तेवढ्याच वजनाचं धरा.

विकायचा विचार आधी आला होता. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने आहे त्या अवस्थेत ८५ हजार सांगितले. तीच गाडी चालती असती तर सव्वादोन लाखांच्या आसपास गेली असती. त्यानेच पुढे सांगितलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्या स्वस्त झाल्या, त्यामुळे जुन्यांचे भावही खाली आले. ते खरंच होतं. पण त्याच बदलात सुट्या भागांवरचा जीएसटीही १८ टक्के झाला, म्हणजे दुरुस्तीसुद्धा थोडी हलकी झाली. हे मात्र त्याने सांगितलं नाही.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढून टाकावी, असं बरेच जण म्हणतात. मला तो हिशोब अपुरा वाटतो. ८५ हजारांत दुरुस्तीची रक्कम घालून जी जुनी गाडी येईल, तिच्या इंजिनाबद्दल मला काय माहीत असणार? माझ्या गाडीचा क्लच कधी बदलला, ब्रेक कधी झाले, ऑइल किती हजारांवर टाकलं, हे सगळं वहीत तारखेसकट आहे. त्या वहीची किंमत कुठलाच व्यापारी देत नाही.

तरीही दोन परिस्थितींत मी विकाच म्हणेन. एक, तळाचा पत्रा गंजलेला असेल तर. समुद्राजवळ वाढलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं, आणि गंजक्या पत्र्यावर नवं इंजिन बसवण्यात अर्थ नाही. दुसरी, गाडीला १५ वर्षं पुरी व्हायला जेमतेम वर्ष उरलं असेल तर. त्यानंतर पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठी होते, तिची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार आहे, वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. माझ्या हाती तीन वर्षं होती.

जुन्या बाजारातलं इंजिन बसवायची वाट मी लवकर सोडली. कुर्ल्याहून अपघातातल्या गाडीचं इंजिन मागवून देतो, असं एकाने सांगितलं. भाव बरा होता. पण ते इंजिन किती चाललंय आणि कसं चाललंय ते सांगणारा कुणी नाही. शिवाय आरसी बुकावरचा इंजिन नंबर बदलून घ्यायला आरटीओत जायचं, विमा कंपनीला कळवायचं, आणि ते इंजिन चोरीच्या गाडीचं नाही याचे कागद जपून ठेवायचे. ज्यांचा ब्लॉकच फुटलाय त्यांना कदाचित हाच मार्ग परवडेल.

राहिले दोन: कंपनीचं सर्विस सेंटर आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज.

मी आधी सर्विस सेंटरला गेलो, कारण १२ वर्षांपैकी पहिली पाच गाडी तिथेच होती. जागा स्वच्छ, माणसं बोलायला अदबशीर, पार्ट अस्सल, बिल पक्कं. पहिलं एस्टिमेट ६८ हजारांचं आलं: हेडचं काम, गॅस्केट, वॉटर पंप, होज. शिवाय "हेड उघडल्यावर पुढचं कळेल." यात गैर काहीच नाही, इंजिन न उघडता कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

हेड उघडायच्या आधी मी एकच विचारलं होतं: कॉम्प्रेशन किती आलं? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायची ही तपासणी साधी असते. प्लग काढून त्या जागी गेज लावायचा, इंजिन स्टार्टरने फिरवायचं आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून घ्यायचे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असले की निम्मी काळजी मिटते. शेजारशेजारचे दोन एकदम खाली असले तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं. एखादाच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इतकी महत्त्वाची माहिती दहा-पंधरा मिनिटांत मिळते. आणि एकदा हेड निघालं की इंजिन पुन्हा जोडेपर्यंत ही तपासणी करता येत नाही.

मला उत्तर मिळालं, "टेक्निशियनने चेक केलंय सर, कमी आहे." किती कमी? कुठल्या सिलिंडरला? "रिपोर्ट पाठवतो." तो रिपोर्ट आला नाही. चौथ्या दिवशी फोन आला की हेड उघडलंय, खालचंही काम निघालंय, हाफ इंजिन असेंब्ली (पिस्टन-क्रँकसकट खालचा सगळा ब्लॉक) बदलावी लागेल आणि एकूण १ लाख २४ हजार होतील. संध्याकाळपर्यंत होकार हवा होता, म्हणजे पार्टची ऑर्डर लावता येईल.

मी तडक तिथे गेलो. म्हटलं, उघडलेलं इंजिन मला बघायचंय. अ‍ॅडव्हायजर म्हणाला, वर्कशॉपमध्ये ग्राहकांना परवानगी नाही, सुरक्षेचा नियम आहे. नियम असेलही, आणि तो का असतो ते मला कळतं. मग त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. काळपट, अंधुक, जवळून काढलेले, कुठल्याही इंजिनाचे असू शकले असते असे. ज्याने इंजिन उघडलं त्या माणसाशी दोन मिनिटं बोलू द्या म्हटलं, तर तो दुसऱ्या गाडीवर होता. काचेपलीकडे माझी गाडी दिसत होती, बॉनेट उघडं, आणि मी सोफ्यावर बसून ५६ हजारांच्या वाढीला हो म्हणायचं की नाही ते ठरवत होतो. त्यांनी मला फसवलं असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांचं निदान बरोबरही असेल. पण लाखभर रुपये मागताना एक आकडाही दाखवायचा नाही आणि एक पार्टही हातात द्यायचा नाही, हे मला सहन झालं नाही. माझ्यापुरता निर्णय त्या सोफ्यावरच झाला.

उघडायची मजुरी साडेसात हजार भरली. हेड गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवलं आणि गाडी टोइंगवर शिवाजी उद्यमनगरात नेली.

उद्यमनगराची ओळख कोल्हापूरकरांना करून द्यायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: या शहरात ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, त्यामुळे बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग हे इंजिनाचं सगळं मशीनकाम चालत जाण्याच्या अंतरात होतं. गॅरेजवाला इंजिन खोलतो आणि जोडतो, मशीनचं काम मशीनशॉपला जातं. तुमच्या गावात चांगला मशीनशॉप जवळ नसेल तर माझ्या अनुभवातला निम्मा भाग वजा करून वाचा.

मिस्त्रींनी पहिल्यांदा हेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला. पाच शतांश मिलिमीटरची पात गेली, पुढची दहाचीही मधोमध गेली. म्हणजे हेड वाकलं होतं. मग मला बोलावून म्हणाले, "सर, हितं नख फिरवा. वरून खाली." तीन सिलिंडरमध्ये नख सरळ गेलं. चौथ्यात उभ्या रेघांवर अडकलं. "अडकतंय न्हवं? मग नुसत्या रिंगा टाकून उपयोग न्हाई. बोअर करायलाच लागतंय."

म्हणजे सर्विस सेंटरने खालचं काम निघालंय म्हणून सांगितलं होतं ते बरोबरच होतं. पण तिथे मी फोनवर ऐकलं होतं, इथे माझ्या नखाला कळलं. शिवाय असेंब्ली बदलायची गरज नव्हती. या ब्लॉकला वाढीव मापाचे पिस्टन मिळतात, त्यामुळे चारही सिलिंडर अर्धा मिलिमीटरने वाढवून काम झालं. काही नव्या इंजिनांना असे पिस्टन मिळतच नाहीत, तेव्हा हे आधी विचारून घ्या.

खर्च असा झाला: पार्ट ३१,२००, मशीनशॉप ११,७००, मजुरी १३,५००. एकूण ५६,४००. आधीचे साडेसात हजार आणि दोनदाचं टोइंग वेगळं.

गॅरेजचा त्रासही सांगतो, कारण तो कमी नव्हता. आठ दिवस सांगितलेलं काम २३ दिवस चाललं. मध्ये एक आठवडा मशीनशॉपमध्ये नंबरच लागला नाही. फोन उचलले जात नव्हते, तिथे जाऊनच विचारावं लागायचं. मजुरीचं बिल साध्या कागदावर मिळालं. पार्टची पक्की बिलं मी दुकानातून स्वतः घेतली, तीही मागितली म्हणून. वॉरंटी म्हणजे मिस्त्रींचा शब्द. नोकरीसाठी रोज गाडी लागणाऱ्याला हे झेपेल का, शंका आहे. माझी स्कूटर होती म्हणून निभावलं.

आणखी एक गोष्ट, ज्यावर मी अडून बसलो. हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायची सवय अनेक गॅरेजांत आहे. आताच्या अ‍ॅल्युमिनियम हेडला ते चालत नाही. ठरलेला टॉर्क (आवळायचा जोर), त्यावर ठरलेले अंश फिरवणं, आणि तेही क्रमाने. कित्येक इंजिनांचे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून नवेच टाकायचे असतात. मिस्त्रींकडे टॉर्क रेंच होता, बोल्ट मात्र ते जुनेच वापरणार होते. नवे मी आणून दिले. अशा ठिकाणी गॅरेजमध्ये तुम्हाला स्वतः लक्ष घालावं लागतं, सर्विस सेंटरमध्ये ते बहुधा न सांगता होतं.

काम झाल्यावर मिस्त्रींनी गेज लावून दाखवला: १७५, १७८, १७५, १७२. चारही आकडे त्यांनी खडूने एअर फिल्टरच्या झाकणावर लिहिले. त्यानंतर गाडी सात हजार किलोमीटर चाललीय. पहिले हजार किलोमीटर जपून चालवली, हजाराला ऑइल बदललं. आता डिपस्टिकवर ऑइलची पातळी खाली जात नाही आणि मागून धूर नाही. थंडीत सकाळी पहिली काही सेकंदं बारीक टकटक येते, ती आधी नव्हती. गेल्या महिन्यात त्याच आंबा घाटातून आलो, काटा मधेच राहिला.

गाडी वॉरंटीत असेल, इंजिन टर्बो पेट्रोल असेल किंवा विम्याचा दावा करायचा असेल, तर मी स्वतःही सर्विस सेंटरलाच जाईन. विशेषतः इंजिनात पुराचं पाणी गेलं असेल आणि तुम्ही इंजिन प्रोटेक्टचं जादा कवच घेतलं असेल तर बाहेरच्या गॅरेजात एक नटसुद्धा सोडू देऊ नका, आणि गाडी सुरू करूनही बघू नका. पण गाडी दहा वर्षांपुढची, साधं पेट्रोल इंजिन, पत्रा चांगला, आणि मशीनशॉपची माहिती असलेला मिस्त्री गावात असेल, तर माझं मन त्याच्याकडे झुकतं.

दोन्हीकडे जायच्या आधी एक करा. हेडला हात लागण्यापूर्वी कॉम्प्रेशनचे चार आकडे कागदावर लिहून मागा, आणि जमलं तर गेज लावताना तिथे उभे राहा. आकडे देणार नाही म्हणाले तर गाडी तिथे सोडू नका, मग पाटी कुठलीही असो.