बर्नरच्या नोझलला पिन मारू नका: सात महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलच्या सुताचं छोटं डाईंग आहे. वाफेसाठी डिझेलवरचा बेबी बॉयलर, आणि त्याचा बर्नर माझ्या लग्नाच्याही आधीचा. जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्यानं नखरे सुरू केले. पंखा फिरायचा, ठिणगी पडायची, जाळ धरायचा आणि काही सेकंदांत लाल दिवा. लॉकआउट, म्हणजे बर्नर आपोआप बंद.

मेकॅनिक म्हणाला, बर्नर चालू-बंद करणारा कंट्रोल बॉक्स गेला. साडेपाच हजार घालून नवा बसवला. दुसऱ्या दिवशी तेच.

शेवटी आमचे जुने फायरमन अण्णा म्हणाले, "मालक, आधी त्याचा डोळा बघा की ओ." डोळा म्हणजे फोटोसेल, जाळ दिसतोय का ते बघणारा. जाळ दिसला नाही की बर्नर बंद. काच काळीकुट्ट. पुसून मीटर लावला तर मुठीत झाकल्यावर रेझिस्टन्स मेगाओममध्ये (लाखो ओम), टॉर्चखाली हजार ओमच्या आत. म्हणजे सेल ठणठणीत. परत बसवला, दोन दिवस चालला, परत काळा. रोग जाळातच होता.

तेल फवारणारं नोझल काढून भिंगाखाली धरलं. भोकाच्या कडेला ओरखडा! कुणीतरी स्टोव्हला मारतात तशी पिन मारली होती. (कुणी, ते विचारलं नाही. अण्णा दुसरीकडे बघत होते.) या नोझलच्या आत तिरक्या खाचा असतात, तेल त्यातून गरगरत येऊन शंकूसारखं फवारतं. कड बिघडली की फवारा एका अंगाला जातो, तिथं हवा पुरत नाही आणि काजळी धरते.

नवं घेताना जुन्यावरचे आकडे वाचून घ्या. आमचं तासाला १.७५ गॅलन, फवाऱ्याचा कोन ६० अंश. दुकानदारानं "एवढ्यानं काय होतंय" म्हणत ८० अंशाचं दिलं, तर जाळ भट्टीच्या भिंतीला चाटायला लागला. परत केलं. आणखी एक, तो गॅलनचा आकडा ७ बार प्रेशरचा असतो. आमचा पंप १० बारला आहे, त्यामुळे तासाला साडेसहाऐवजी जवळपास ८ लिटर जातं. प्रेशर वाढवून तेच नोझल आणि तेवढीच हवा ठेवली तर धूर होणारच.

ठिणगी पाडणारे इलेक्ट्रोडही बदलले, चिनीमातीला तडा होता. मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग मात्र स्वस्तातलं घेतलं आणि चार महिन्यांत त्याचे दात झिजले. तिथं पैसे वाचवू नका.

तेव्हापासून बर्नर दोनदाच बंद पडला, दोन्ही वेळा डिझेलची टाकी तळाला. जुना कंट्रोल बॉक्स परवा सहज लावून बघितला. चालतोय.