.२२३ व्हार्मिंट रायफलवर ४-१६×४४ स्कोप: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल. स्कोप (रायफलवरची नेम धरायची दुर्बीण) झीरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी यांची जुळवलेली जागा, धरून ठेवतो. टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवायचा क्लिकचा नॉब) फिरवून परत शून्यावर आणला की गोळी पूर्वीच्याच जागी लागते. काच या वर्गातल्या स्कोपला शोभेल अशी आहे, त्याहून जास्त नाही. तक्रारी दोन आहेत, पॅरॅलॅक्सच्या (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) नॉबवरचे आकडे आणि पॉवर रिंगचा (किती पट मोठं दिसावं ते ठरवणारं कडं) कडकपणा. त्या पुढे येतीलच.

स्कोप ४ ते १६ पट मोठं दाखवतो, पुढची काच ४४ मिमीची, नळी ३० मिमीची, रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) सेकंड फोकल प्लेनवर, म्हणजे पॉवर बदलली तरी रेघा तेवढ्याच दिसतात, क्लिक पाव एमओएचे (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). रायफल बोल्ट अ‍ॅक्शन, जड बॅरलची; बोल्ट दर गोळीमागे हाताने ओढायचा. व्हार्मिंट म्हणजे उपद्रवी लहान जनावरं, त्यांच्यासाठीची ही रायफल. गोळी ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅम), वेग सेकंदाला ९८५ मीटरच्या आसपास. प्रेअरी डॉगसारखं (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला अमेरिकन प्राणी) लक्ष्य तळहाताएवढं असतं. मोठ्या जनावरावर खपून जाणारी दोन-तीन सेंटीमीटरची चूक इथे सरळ हुकलेली गोळी ठरते. म्हणून स्कोप बसवण्यात घालवलेला तास वाया गेला असं समजू नये.

‘झीरो हलतो’ अशी ओरड होते तेव्हा बहुतेक वेळा दोष स्कोपचा नसतो, रिंगांचा (स्कोप धरून ठेवणारी कडी) असतो. बेसचे (रिंगा बसतात ती रायफलवरची पट्टी) स्क्रू आणि रिंगांच्या आतली बाजू स्पिरिटने पुसून घ्या, तेलाचा अंशही नको. बेसच्या स्क्रूंना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरतो. रिंगांना काही लावू नका. रिंगांचे वरचे स्क्रू आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळत साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत न्या आणि दोन्ही बाजूंची फट सारखी आहे ना ते पाहा. अंदाजाने पिळलेल्या रिंगा स्कोपच्या नळीवर वळ उठवतात, आणि आतली यंत्रणा अडकली की क्लिक ऐकू येतो पण रेटिकल हलत नाही.

रेटिकल सरळ करायला दूरवर ओळंबा टांगा. रायफल समतल धरून उभी रेघ त्या दोरीशी जुळवायची. तीन अंशांचा कल डोळ्याला कळत नाही, पण ३०० मीटरसाठी क्लिक चढवले की गोळी जवळजवळ दोन सेंटीमीटर बाजूला जाते.

झीरोची सुरुवात २५ मीटरवरून करावी. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे याची खात्री करून बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवा, बॅरलमधून बघून टार्गेटचा गोल मधोमध आणा आणि मग रायफलला धक्का न लावता टरेटने रेटिकल त्याच गोलावर न्या. लेझरचं बोअरसायटर (बॅरलच्या रेषेत टार्गेटवर ठिपका टाकणारं साधन) वापरत असाल तर ते बॅरलमधून काढल्याशिवाय काडतूस हातात घेऊ नका. विसरलात तर बॅरल फाटू शकतं.

इथे बरेच जण गफलत करतात. रेटिकल बॅरलच्या मध्यापासून ४ सेंमी वर असेल, तर २५ मीटरवर गोळी मधोमध लावल्यावर तीच गोळी १०० मीटरवर सुमारे ८ सेंमी वर लागते. १०० मीटरचा झीरो हवा असेल तर २५ वर गोळी २ सेंमी खाली लागली पाहिजे. या अंतरावर एक क्लिक म्हणजे जेमतेम १.८ मिमी, त्यामुळे क्लिकचा आकडा मोठा आला तरी बिचकू नका.

१०० मीटरवर एक क्लिक ७ मिमीचा. तीन गोळ्या मारा, त्यांचा मध्य काढा आणि अंतर त्या मध्यापासून मोजा. मध्य ३ सेंमी खाली आणि ४.५ सेंमी डावीकडे असेल, तर चार क्लिक वर, सहा क्लिक उजवीकडे. एकेका छिद्रामागे टरेट फिरवत बसलात तर काडतुसं संपतील, झीरो मिळणार नाही. पुढचा आधार रायफलच्या लाकडाखाली हवा, बॅरलखाली नको. बॅरल नुकतंच साफ केलं असेल तर पहिल्या दोन-तीन गोळ्या धरू नका. बॅरल हाताला गरम लागलं की थांबा.

झीरो पक्का झाल्यावर टरेटचे स्क्रू सैल करून आकडा शून्यावर आणला. मग उभ्या रेघेवर चाळीस क्लिक वर नेऊन पाहिलं. गोळी २९ सेंमी वर सरकायला हवी. फरक ग्रुपच्या (एकत्र पडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका) आकाराच्या आतच राहिला. परत आणताना दोन क्लिक मागे जाऊन मग शून्यावर यायची गरजही पडली नाही. पैसे वसूल झाले ते इथे.

झीरो १०० चा की २०० चा, यावर मतं आहेत. २०० वर ठेवला तर १०० मीटरला गोळी साडेचार सेंमी वर जाते. कोयोटला (लांडग्याच्या कुळातलं जनावर) चालतं, प्रेअरी डॉगला नाही. मी १०० च्याच बाजूचा. मग २०० मीटरला सहा-सात क्लिक, ३०० ला सोळाच्या आसपास. हे आकडे याच गोळीचे आहेत. काडतुसांचा लॉट बदलला तरी पुन्हा तपासा. रेटिकलवरच्या खुणा वापरणार असाल तर लक्षात ठेवा, त्या फक्त १६ पॉवरवर खऱ्या. ८ वर २ एमओएची खूण ४ ची होते. दुपारी जमिनीवरची हवा थरथरायला लागली की पॉवर १० वर आणावीच लागते, त्यामुळे खुणांपेक्षा टरेट बरा. वाऱ्याचं गणित मात्र कुठलाच स्कोप करत नाही: ताशी १५ किमीचा आडवा वारा २०० मीटरवर गोळी दहा-बारा सेंमी ढकलतो.

पॅरॅलॅक्सच्या नॉबवर १०० लिहिलंय तिथे १०० मीटरचं लक्ष्य पूर्ण साफ होत नाही, थोडं पुढे जावं लागतं. आधी आयपीस (डोळ्याकडची काच) फिरवून रेटिकल आपल्या डोळ्याला स्वच्छ करून घ्या, मग आकड्याकडे न बघता नॉब फिरवा. रायफल पिशवीवर स्थिर ठेवून डोकं किंचित वर-खाली करायचं. रेटिकल लक्ष्यावरून सरकत नसेल तर जुळलं. पांढऱ्या रंगाने स्वतःच्या खुणा करून ठेवल्या तर दरवेळी खटाटोप वाचतो.

१६ पॉवरवर डोळ्याची जागा फार काटेकोर लागते. ४४ भागिले १६ म्हणजे बाहेर येणारी प्रकाशाची चकती पावणेतीन मिमीची. गाल जरा सरकला की कडेला काळी सावली येते. दस्त्यावर गालपट्टी चढवल्यावर हा त्रास बराच कमी झाला. संध्याकाळी १० वर आणलं तर चित्र लगेच उजळतं, पण थंडीत हातमोजे घालून ती पॉवर रिंग फिरवणं म्हणजे शिक्षा. वेगळी मिळणारी लिव्हर चढवा. ही सोय मुळात डब्यातच यायला हवी होती.