सुट्टीत मुलांना सुडोकू द्यावं की तोंडी कोडी?

अमळनेरची मावसबहीण याच पेचात आहे. खर्च दोन्हींचा नगण्य. सुडोकूत एकटं मूल तासभर रमतं. मात्र त्यात बेरीज-वजाबाकी नसते, निव्वळ तर्क असतो.

तोंडी कोड्याला माणसं लागतात. चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या नातवाने मठ काढला, त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातलं (इ.स. ११५०) कोडं घ्या: भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजाच्या झाडावर, एक भिरभिरतोय. एकूण किती? ओट्यावर पोरं हमरीतुमरीवर येतात! ३, ५, ६ आणि १ मिळून १५, हे लहानग्यालाही पडताळता येतं. फक्त उत्तर फुटलं की कोडं संपलं. सुडोकू रोज नवं मिळतं.

एकटं, चिकाटीचं मूल असेल तर सुडोकू. मामाच्या गावी भावंडं जमणार असतील तर कोडीच, आणि भुंग्यांपासूनच सुरुवात करा.