छोले भटुरे की मटर कुलचे?

दिल्लीत सकाळी भूक लागली की हा प्रश्न पडतोच.

भटुऱ्याचं पीठ मैदा, दही आणि थोड्या रव्याचं, काही तास आंबवलेलं. तेलात टम्म फुगतो, पण ताटात आला की लगेच बसतो आणि गार झाला की चिवट. घरी बांधून नेण्यात अर्थ नाही. छोले काबुली चण्यांचे. काळपट रंग चहापत्तीचा नाहीतर सुक्या आवळ्याचा, आंबटपणा अनारदाण्याचा किंवा आमचुराचा. पहाडगंजला सीताराम दिवान चंदकडे भटुऱ्यात पनीरही भरतात.

मटर कुलच्यात चणा नसतोच. आपल्या रगड्यातला पांढरा वाटाणा मऊ उकडायचा, वर कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, मसाला, लिंबू. तेल जवळपास नाहीच. कुलचा तव्यावर जेमतेम गरम केलेला. (अमृतसरचा बटाटा भरलेला तंदुरी कुलचा वेगळा, त्याच्याशी गल्लत नको.)

कुलचे खाऊन दिवसभर हिंडता येतं. भटुऱ्यांवर लस्सी प्यायलात तर दुपारचं जेवण विसरा. तरीही दिल्लीत एकच सकाळ हाताशी असेल, तर मी भटुऱ्यांच्याच रांगेत उभा राहीन.