भोसरीची को-पायरोलिसिस भट्टी: घ्यायची तर स्क्रू फीडरवालीच

को-पायरोलिसिस म्हणजे टरफलं, भुसा असा काडीकचरा आणि प्लास्टिक हवेशिवाय एकत्र तापवून तेल काढणं. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बनणारी ही भट्टी दोन प्रकारांत मिळते: माल एकदम भरायची बॅच भट्टी आणि फिरत्या स्क्रूने माल थोडाथोडा आत ढकलणारी स्क्रू फीडरवाली. दोन्हींत स्टेनलेस स्टीलची नळी, नायट्रोजनची लाइन आणि वर झेडएसएम-5 (एक झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचं खनिज) या उत्प्रेरकाची वेगळी टोपली. ही टोपली उत्तमच. उत्प्रेरक राखेत मिसळत नाही, काढून परत वापरता येतो.

बॅच भट्टी मात्र तेलासाठी घेऊ नका. भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा साधारण 250 ते 380 अंशांतच वाफ होऊन जातो. पॉलिथिन तुटायला 420 च्या पुढे जावं लागतं. मिनिटाला 10 अंशांनी तापणाऱ्या भट्टीत टरफलांची वाफ कंडेन्सरला (वाफ थंड करून तेल करणाऱ्या भागाला) पोचते तेव्हा प्लास्टिक नुसतंच वितळलेलं असतं. प्लास्टिकमधला हायड्रोजन वापरून जैवतेलातला (टरफलांपासून येणाऱ्या तेलातला) ऑक्सिजन काढायचा, त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! दोन्ही वाफा उत्प्रेरकावर एकत्र आल्याच नाहीत तर बाटलीत खाली आंबट पाणी आणि वर मेणचट थर एवढंच हाती येतं.

स्क्रूवाल्या भट्टीत माल थेट 500 अंशांच्या नळीत पडतो आणि दोन्ही वाफा बरोबरच उठतात. इथली दुखरी जागा म्हणजे हॉपरचा, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्याचा, गळा. तो तापला की पिशव्यांचे तुकडे स्क्रूला चिकटतात, गोळा होतो आणि माल पुढे सरकेनासा होतो. गळ्याला पाण्याचं जॅकेट आहे, पण पंप बंद पडल्याचं सांगणारा अलार्म नाही. तो बसवून मगच डिलिव्हरी घ्या. तुकडे 3 ते 5 मिलिमीटरचे, टरफलांचा ओलावा 10 टक्क्यांखाली, सुरुवातीला टरफलं आणि प्लास्टिक वजनाने निम्मं-निम्मं.

‘स्वच्छ’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडून निवडलेलं प्लास्टिक घेतलं तरी एकदा पाण्यात टाकून बघा. पॉलिथिन, पीपी (पॉलिप्रोपिलीन) तरंगतात. पीव्हीसी (पाइपांचं प्लास्टिक) आणि पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बुडतात. शंका आली तर तांब्याची तार लाल करून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर तो तुकडा बाहेर. पीव्हीसीतून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीललाही खातं. पेटमुळे आम्लांची भुकटी कंडेन्सरच्या नळ्यांत बसते, दाब चढतो आणि गास्केटमधून वाफ गळायला लागते. या कंडेन्सरच्या नळ्या अरुंद आहेत आणि उघडून साफ करायची सोय नाही. ही खरी मोठी उणीव.

उत्प्रेरक काळा पडून तेल जड यायला लागलं की कोक, म्हणजे त्यावर साचलेला कार्बनचा थर, जाळावा लागतो. आधी नायट्रोजनने उरलेली वाफ पूर्ण बाहेर काढा, मगच हवा हळूहळू सोडा. तापलेल्या वाफेत हवा शिरली तर स्फोट होऊ शकतो. तापमान 550 च्या आसपास ठेवा. हवा जास्त सोडली की कोक भडकतो, तापमान हाताबाहेर जातं आणि झेडएसएम-5 ची आम्लता कमी होते. कंट्रोलरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या भिंतीला लावलेला आहे, त्याला टोपलीतलं तापमान कळत नाही. टोपलीत दुसरा थर्मोकपल मागून घ्या.

मिळणारं तेल बर्नरसाठी ठीक आहे. ऊर्ध्वपातन आणि चाचणी केल्याशिवाय ते डिझेल इंजिनात घालू नका.